बोरच्या जंगलात सगळ्यात देखणं कोण?

‘पुढच्या रविवारी साक्षगंध आहे. त्याच्या आधी एकदा बोर पाहून घेऊ. दोन वर्षांपासून तू नुसता म्हणूनच राह्यला.’

प्रणालीचा हा मेसेज आला तेव्हा मी पुलगावला आमच्या कपड्याच्या दुकानात शर्टपीसच्या थप्प्या लावत होतो. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. तिचा, घरच्यांनी पाहिलेल्या मुलाशी. प्रणाली हे तिचं खरं नाव नाही, ते इथं लिहिणार नाही. ती अल्लीपूरची, घरी शेती. वर्ध्याला आम्ही एकाच वर्गात होतो. दुसऱ्या वर्षात एका सरांशी माझं वाजलं, मी बोलायचं ते बोललो, बॅग उचलली आणि परत गेलो नाही. ती शिकत राहिली. भेटी चालू राहिल्या, आधी कॅन्टीनमध्ये, मग बसस्टँडवर.

कॅन्टीनमध्ये आमचं एकाच विषयावरून भांडण व्हायचं. जंगलात सगळ्यात देखणं जनावर कोणतं? मी म्हणायचो वाघ, त्यात विचारायचं काय. ती म्हणायची अस्वल.

‘अस्वल? ते केसाचं गाठोडं?’

‘तुले नाई समजत. देखणं वेगळं अन् लोभस वेगळं.’

याचा निकाल बोरच्या जंगलात लावू, असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर जंगल, तरी जाणं झालं नाही. आता ती स्वतःहून ‘चल’ म्हणत होती आणि तेही त्या रविवारच्या आधी. मी मनाशी ठरवून टाकलं. या सहलीत तिच्या तोंडून ‘मी हे लग्न करत नाही’ हे ऐकूनच परत यायचं. मी वाघ पाहायला चाललो नव्हतो. खोटं कशाला लिहू?

तुम्हाला जायचं असेल तर आधी कामाचं सांगतो. सफारीचं बुकिंग ऑनलाइन करा, सुट्टीच्या दिवसांचं तर बरंच आधी. ओळखपत्र मूळ घ्या, झेरॉक्स चालत नाही. जंगल आठवड्यातून एक दिवस बंद असतं, पावसाळ्यातही बंद असतं, त्यामुळे तारीख तपासून निघा. जिप्सीत सहाजण बसतात. आपण कमी असलो तर अनोळखी लोकांबरोबर वाटून घेता येते, खिशाला ते बरं पडतं.

पुलगावहून मी बाइकवर निघालो. देवळी, वर्धा, मग नागपूरच्या रस्त्यानं सेलू. सेलूच्या चौकात तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की कानातून वाफ निघाली. पेट्रोल इथंच भरून घ्या, पुढं भरवसा नाही. सेलूला मोठा रस्ता सोडून हिंगणीकडे वळलं की गाड्यांची गर्दी संपते. मार्च महिना होता. गहू निघत होता, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या आणि मधूनमधून पळस पेटला होता. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढला असता. त्या दिवशी नाही थांबलो. ती दुपारपासून मावशीकडे येऊन बसली होती.

मावशी म्हणजे तिच्या आईची बहीण. हिंगणीच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी तिचं गाव. मी जवळच एका साध्या होमस्टेमध्ये बॅग टाकली आणि संध्याकाळी तिच्याकडे जेवायला गेलो. माझी ओळख ‘कॉलेजातला’ अशी करून देण्यात आली. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

‘काय करतं बापू तू?’

‘दुकान आहे मावशी. पुलगावले.’

‘कोणाचं?’

‘बाबांचं.’

‘म्हंजे बाबा दुकान करते. तू काय करतं?’

प्रणाली भाकर तोंडात घेऊन हसू दाबत होती. दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं तर मी ताटावरून उठलो असतो. मावशीपुढं गप्प बसलो. ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा समोर होता, तेही एक कारण.

मावशी इतकी वर्षं जंगलाच्या दारात राहून एकदाही जिप्सीत बसली नव्हती. उद्या ती आमच्याबरोबर येणार होती, कारण तिच्याशिवाय प्रणालीला कोणी पाठवलं नसतं.

‘कायले पैसे द्याचे बाप्पा? सगळे जनावरं माह्या वावरात येऊन जाते. फुकटात.’

‘मग मावशी, तुम्हीच सांगा,’ मी म्हटलं, ‘सगळ्यात देखणं कोणतं?’

‘रोही,’ ती म्हणाली. रोही म्हणजे नीलगाय. ‘दिसाले घोड्यावाणी अन् चना खाते बैलावाणी. मागच्या साली काठी घेऊन हाकलाले गेली, तं एक पिलू उभं. मायच्या पायात. लाल लाल, डोळे एवढाले. मी पाहतच राह्यली माय.’

‘मंग?’ प्रणालीनं विचारलं.

‘मंग काय? हाकललं. चना माहा होता.’

आम्ही तिघंही खूप हसलो. ते हसणं मला आज आठवायला नको होतं, पण आठवतं.

सकाळी उजाडायच्या आत गेटवर पोचावं लागतं. ओळखपत्रं पाहिली गेली, मोबाइल बंद करून बॅगेत टाकले. आमच्या जिप्सीत नागपूरचं एक जोडपं होतं. साहेबांच्या गळ्यात हातभर लांबीची लेन्स होती, बाईंच्या मांडीवर खाऊची पिशवी. मागच्या सीटवर मी आणि प्रणाली, मध्ये मावशी. मावशी मुद्दाम मध्ये बसली की काय, मला कळलं नाही. पहाटे जिप्सीत चांगलीच थंडी वाजते, मार्चमध्येसुद्धा. शाल घ्या.

पहिल्यांदा चितळ दिसले, नेहमीसारखे. चितळाचं असं आहे की ते इतके दिसतात की पाहायचं राहून जातं. साहेबांनी कॅमेरासुद्धा उचलला नाही. पण त्या कोवळ्या उन्हात एक नर मोहाखाली उभा होता, शिंगांवर वाळकं गवत अडकलेलं, तोंडात मोहाचं फूल. पाठीवर ठिपके असे की कोणी बसून एकेक ठेवावा. चितळ सुंदर आहे आणि त्याला ते ठाऊक आहे, असं वाटतं. खाताखाता मान वर करतो, जरा थांबतो, जणू म्हणतो, पाहा.

सांबर तसं नाही. नाल्याच्या काठावर एक मादी भेटली. मातकट रंग, मानेवर झडलेले केस, कान मोठे. शेजारी चितळ उभं केलं तर सांबर गावाकडची मोठी बहीण वाटते. पण ती हलली नाही. गाडी थांबली, लेन्स फिरली, बाई पुटपुटल्या, तरी ती एक पाय उचललेला तसाच ठेवून आमच्याकडे पाहत राहिली. चितळाकडे पाहताना आपण त्याला पाहतो. सांबराकडे पाहताना ते आपल्याला पाहतं. प्रणाली हळूच म्हणाली, ‘हिच्यासमोर खोटं बोलता नाई येणार.’

मोर दोन दिसले. मोराबद्दल लिहायचं काय, सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मला तो उडताना पाहून कीव आली. एवढा पिसारा घेऊन झाडावर चढायचं म्हणजे लग्नाच्या शालूत शिडी चढल्यासारखं.

रानगवे पाणवठ्याच्या वरच्या उतारावर होते. काळा, चकाकणारा, खांद्यावर डोंगर वागवणारा नर आणि पायात पांढरे मोजे. एवढ्या अंगाला ते मोजे अगदी लहान पोराच्या शाळेतले वाटतात. मी म्हटलं, ‘ताकदीत याच्यापुढं वाघ काहीच नाही.’

‘बस्, पलटला?’ प्रणाली म्हणाली.

‘देखणं म्हटलं का मी? ताकद म्हटली.’

‘ताकदच पाहतं तू.’

मावशीनं आम्हा दोघांच्या मांडीवर एकेक चापटी दिली. ‘बोलू नोका. जनावर पळते.’

मग कॉल सुरू झाले, म्हणजे वाघ जवळ असल्याचे इशारे. चितळाची तीक्ष्ण हाक, वर वानरांचा खॉक-खॉक. ड्रायव्हरनं गाडी वळवून रस्त्याच्या फाट्यावर लावली. आणखी दोन जिप्स्या आधीच होत्या. सगळे कुजबुजत होते, मग कुजबुजही थांबली, आणि ती बाहेर आली.

वाघीण. बांबूतून निघाली आणि सरळ रस्त्यावर उतरली. आमच्याकडे तोंड करून चालत आली, घाई नाही, भीती नाही, खांद्याची हाडं कातडीखाली वरखाली होत होती. मी दोन वर्षं तिच्या बाजूनं भांडलो होतो आणि तरी मला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. फोटोत पट्टे दिसतात. फोटोत ती पाऊल टाकते तेव्हाची शांतता येत नाही. पाचोळ्यावरून ती गेली, आवाज झाला नाही.

तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘बारीक आहे जरा.’

बाई म्हणाल्या, ‘ताडोब्याला पाहिली ती केवढी होती ना? ही काहीच नाही.’

‘चाल चांगली आहे पण.’

‘चेहराही गोड आहे. रंग थोडा फिका वाटतो.’

आणि मी, मीसुद्धा बोललो. मी म्हटलं, ‘पोटाकडून लटकली आहे, वय झालं असेल.’ जाणकार असल्यासारखं म्हटलं.

मावशी फसकन हसली. ‘मलेई असंच पाह्यलं होतं बाप्पा. अंगणात चालून दाखवाले लावलं, लंगडी तं नाई म्हून. केस सोडाले लावले. सासू म्हने, पोरगी बरी हाय, पन बारीक हाय.’

जिप्सीत सगळे हसले, गाइडसुद्धा. प्रणाली हसली नाही. वाघीण रस्ता सोडून उताराला लागली, गवतात शिरली, शेपटाचं टोक तेवढं थोडा वेळ दिसलं. पुढच्या जिप्सीनं मध्येच गाडी घातली आणि साहेबांची लेन्स झाकली गेली. साहेब ओरडले, तो ड्रायव्हर उलट बोलला, आणि माझं डोकं सटकलं. मी उभा राहून त्या ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. माझं काही अडलं नव्हतं, फोटो माझा नव्हता. तरी सुनावले.

खाली बसलो तेव्हा प्रणाली आणि मावशी दुसऱ्या बाजूला पाहत होत्या. प्रणालीचा हात तोंडावर होता.

‘दिसलं का तुले?’

‘काय?’

‘अस्वल. त्या वारुळामागून गेलं. पिलू पाठीवर होतं, असं, केस धरून बसलं होतं.’

मी वळलो. वारूळ होतं, उकरलेली लाल माती होती. अस्वल गेलं होतं. म्हणून या लेखात अस्वलाबद्दल माझं काही मत नाही. ज्या दोघींनी पाहिलं त्या परतीच्या वाटेवर एकमेकींकडे पाहून हसत होत्या, दोघींनी मिळून काही चोरून खाल्लं असावं तशा.

गेटबाहेर टपरीवर चहा आणि भजी घेतली. मावशीला तिथं ओळखीची बाई भेटली आणि ती गप्पांत बसली. आम्ही दोघं धरणाच्या भिंतीकडे गेलो. बोरधरणाचं पाणी मार्चमध्ये बरंच खाली जातं, काठाला चिखलाच्या भेगा पडतात, पलीकडे डोंगरांची रांग दिसते. सकाळच्या सफारीनंतर अर्धा तास इथं काढाच. ऊन चढतं, टोपी घ्या. मोबाइलला इथं रेंज येते.

‘त्या लोकांचं मनावर नको घेऊ,’ मी म्हटलं.

‘कोणत्या लोकाइचं?’

‘जिप्सीतल्या.’

‘तू पण होता त्याइच्यात.’ ती पाण्याकडे पाहत बोलत होती. ‘माह्याकडे आधी दोन स्थळं येऊन गेले. पहिले म्हने उंची कमी. दुसऱ्याइनं निरोप पाठवला, पोरगी चांगली हाय पन रंगानं थोडी कमी. आईनं मले हळद लावली महिनाभर. वाघिणीले हळद लावाले पाहिजे होती.’

‘आणि हा?’ मी विचारलं. ‘हा काय म्हणाला?’

‘यानं विचारलं, या साली वावरात काय पेरलं. मी सांगितलं. मंग तो अन् मी कपाशीबद्दल बोलत बसलो.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘आणि एवढ्यावर तू हो म्हटलं?’

‘मी हो नाई म्हटलं अजून. घरच्याइनं म्हटलं. मले विचारलं तं मी म्हटलं, रविवारच्या आत सांगते.’

म्हणजे अजून वेळ होती. मी तिला म्हटलं, नाही म्हण. आजच म्हण. मी आहे ना. मी बघून घेतो सगळ्यांना. कोण काय करतो पाहतो. आणखीही बरंच म्हटलं असेल. ती मला पूर्ण बोलू देत होती. मग माझ्याकडे वळली.

‘तू सराइशी भांडला. एसटीच्या कंडक्टरशी भांडला. बसस्टँडवर त्या पोट्ट्याची कॉलर धरली, माह्यासाठी. आज त्या ड्रायव्हरशी भांडला, त्यात तुहं तं काहीच नव्हतं. घरी बाबाइसमोर माहं नाव घेतलं का रे कधी?’

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

‘तुमची जात वेगळी, आमची वेगळी. तुम्ही दुकानवाले, आम्ही वावरवाले. माह्या घरी मी भांडीन. मले येते भांडाले. पन मी तिकडं भांडून इकडं येऊ तं कोठी येऊ? दोन वर्षं झाले. लाव फोन.’

‘आत्ता?’

‘आत्ता. मी अठीच उभी हाय. बाबाइले सांग, एक पोरगी हाय, तिचं नाव हे, अन् मले तिच्याशी लगन कराचं हाय. ते नाई म्हनो, शिव्या देवो. तू सांग फक्त. मी आजच आईले नाई म्हनते म्हून सांगते.’

मी मोबाइल काढला. नंबर लावला. रिंग गेली. माझ्या कानात आमच्या दुकानाचा आवाज आला, मागून कोणी तरी अस्तर मागत होतं.

‘हं, बोल,’ बाबा म्हणाले.

‘बाबा…’

‘बोल ना. सुरतचा माल आला आज. कधी येतं तू?’

प्रणाली माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. सकाळच्या सांबरासारखी, न हलता.

‘काही नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘जेवण झालं का, विचारायला लावला.’

‘अकरा वाजून राह्यले, अब्बी कोणतं जेवन? बरा हाय ना तू?’

‘हो.’

‘सांभाळून येजो,’ बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं ती रडेल, किंवा भांडेल. भांडली असती तर मला भांडता आलं असतं. तिनं ओढणी झटकली, डोक्यावरून घेतली.

‘गरम होऊन राह्यलं बहुत,’ ती म्हणाली. ‘चाल. मावशी वाट पाहत असन.’

मावशीनं निघताना माझ्या हातात चन्याची भाजलेली ढाळं दिली, म्हणजे हिरव्या घाट्यांची जुडी. ‘येजो बापू कधी,’ म्हणाली. प्रणाली फाटकाशी होती. तिनं हात वर केला, मी पण केला. हिंगणीपर्यंत मी गाडी कशी चालवली, मला सांगता येणार नाही. सेलूला पाणी प्यायला थांबलो तेव्हा कळलं की हेल्मेट मावशीकडेच राहिलं. परत गेलो नाही. पुलगावला पोचायला दुपार झाली. माल उतरवायचा होता, उतरवला.

तुम्ही विचाराल, मग निकाल काय? जा, एवढंच सांगेन. ताडोब्यासारखी गर्दी नाही, जंगल लहान आहे पण दाट आहे, आणि जनावरं शेजारच्या लोकांसारखी आहेत, वावरात येतात, शिव्या खातात, परत जातात. वाघीण दिसली तर मोजमाप करू नका. ती काही कोणाच्या अंगणात चालून दाखवत नाहीये. चितळ सुंदर आहे, रानगवा जबरदस्त आहे, मोर मोर आहे. माझ्याकडे मात्र सांबर राहिलं. ते उचललेलं पाऊल, ते पाहणं. दुकानात कापड फाडताना मध्येच हात थांबतो.

रविवारी अल्लीपूरला साक्षगंध झालं. मला आमच्या एका जुन्या वर्गमित्राच्या स्टेटसवरून कळलं. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबा गादीवर बसून परद्याच्या कापडाचा तागा गुंडाळत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. कसा चढणार, आता भांडायला काही नव्हतं.

‘कोठची?’ बाबांनी विचारलं.

‘अल्लीपूरची.’

‘कोणाची?’

मी तिच्या वडिलांचं नाव सांगितलं.

‘मंग आता काऊन सांगून राह्यला?’

ताग्याची एक घडी, दुसरी घडी. बाबांनी मान वर न करता विचारलं, ‘दिसाले कशी होती?’

‘चांगली,’ मी म्हटलं.

तागा गुंडाळून झाला, तो बाबांनी बाजूला ठेवला.

‘अल्लीपूर काई दूर नाई,’ ते म्हणाले. ‘जाऊन आलो असतो.’